मिस्टर म्वाले माजी कसे झाले

दिवाळी अंकाची संपादिका म्हणजे आमच्या मंडळातलीच एक मुलगी. तिचा फोन आला, "काकू, तुम्ही इतकी वर्षं मेयरच्या ऑफिसात होतात. काहीतरी इन्स्पायरिंग लिहा ना." मी म्हटलं, इन्स्पायरिंग हवं असेल तर एखाद्या डॉक्टरला विचार, मी नोकरीभर फक्त वैतागले. ती म्हणाली, "मग वैतागाचंच लिहा." तेव्हा पुढे जे काही येईल त्याची जबाबदारी तिची.

आधी एक खुलासा. मेयरच्या बसायच्या खोलीला इकडे 'मेयर्स पार्लर' म्हणतात. नोकरी लागली तेव्हा मी नागपूरच्या मावशीला फोनवर तसं सांगितलं आणि तिने अख्ख्या गल्लीला सांगितलं की आमची सुलू लंडनला पार्लर चालवते. पुढच्या सुट्टीत मी गेले, तर शेजारची एक मुलगी भुवया करून घ्यायला ओट्यावर येऊन बसलेली. तिला नाही म्हणताना मावशीलाच जास्त वाईट वाटलं.

माझं हे पार्लर होतं इल्फर्डहून बसने थोडं पुढे, पूर्व लंडनमधल्या एका बरोच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, टाउन हॉलमध्ये. आमच्याकडचा मेयर म्हणजे वर्षभराचा नवरदेव. दर मे महिन्यात कौन्सिलर लोक आपल्यातलाच एक निवडतात, त्याच्या गळ्यात साखळी घालतात, आणि मग तो वर्षभर मान घेत फिरतो. निर्णय घेणारे दुसरेच. मेयरने फक्त कौन्सिलची सभा चालवायची, शाळा-मशिदी-गुरुद्वाऱ्यांत जायचं, दुकानांच्या फिती कापायच्या आणि कुणी शंभरीला पोचलं की केक घेऊन हजर व्हायचं. मी सेक्रेटरी, म्हणजे करवली. डायरी, गाडी, भाषण, बूट आणि साखळी, सगळं माझ्याकडे.

त्या साखळीने माझा जीव खाल्ला. ती दिसते गळ्यात अडकवलेली, पण ती तोलली जाते खांद्यांवर. कोटाला खांद्यावर टेपची दोन बारीक लूप शिवायची आणि साखळीचे हुक त्यांत अडकवायचे, नाहीतर ती घरंगळत पोटावर येते. दर मे महिन्यात नव्या मेयरचे कोट माझ्याकडे यायचे आणि मी सुईदोरा घेऊन बसायची. एक मेयरबाई साडी नेसायच्या. त्यांनी हौसेने रेशमी साडीवर साखळी चढवली आणि पहिल्याच कार्यक्रमात पदर टर्रकन फाटला. पुढे वर्षभर मी त्यांच्या ब्लाउजांच्या खांद्यांना आतून पट्ट्या शिवल्या. लंडनच्या टाउन हॉलमध्ये ब्लाउज शिवायला लागतील असं इंटरव्ह्यूत कुणी बोललं नव्हतं.

आणि आपली माणसं! गणपतीला मेयर यायचे म्हटलं की मंडळाचे लोक आधी मला फोन करत. "ताई, तुम्ही आपल्याच ना? मग मेयरना शेवटपर्यंत बसवा की." शेवटपर्यंत म्हणजे आभारप्रदर्शनापर्यंत, जे ऐकायला मंडळाच्या सेक्रेटरीची बायकोसुद्धा थांबत नाही. त्यात शाल आणि श्रीफळ. शालीची झालर साखळीत अडकायची, झेंडूचा रंग शर्टाला लागायचा, आणि मेयर हातात नारळ धरून माझ्याकडे बघायचा की आता याचं काय करू. मग मी नारळ घेऊन गाडीत बसायची. आमच्याकडे सप्टेंबरभर चटणीला तोटा नसे.

एकदा शंभरीच्या आजींकडे केक, कार्ड, फोटोग्राफर, सगळं लटांबर घेऊन गेलो. आजींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "मी नव्व्याण्णव. मुलाला गणित कधीच जमलं नाही. पुढच्या वर्षी या." दार बंद. मेयर मलाच विचारतो, "आता?" मग आम्ही गाडीत बसून केक खाल्ला.

साखळीचा सगळ्यात मोठा नियम असा, की ती आपल्या बरोपुरती. शेजारच्या बरोत जायचं तरी तिथल्या मेयरची परवानगी मागावी लागते, नाहीतर ते दुसऱ्याच्या घरात जाऊन यजमानासारखं पाटावर बसणं झालं. कौन्सिलर प्रिचर्ड मेयर झाले त्या वर्षी त्यांना साखळी स्पेनला न्यायची होती. सुट्टीसाठी. तिथल्या गोल्फ क्लबाच्या डिनरला. मी म्हटलं, त्या गावच्या मेयरची परवानगी आणा, तोपर्यंत ती माझ्या तिजोरीत राहील. ते म्हणाले, "तू मला नाही म्हणतेस?" मी म्हटलं, "तुम्हाला नाही, नियम साखळीला आहे." पुढे बरेच दिवस ते माझ्याशी फक्त ईमेलवर बोलत. आमच्यात एक दार होतं, तेही उघडंच.

पण या सगळ्यांनी मिळून मला जितकं छळलं नाही तितकं एका माणसाने छळलं, आणि तो आमचा मेयर नव्हताच. मिस्टर म्वाले.

आमच्या बरोच्या हद्दीवर एक पाटी आहे, कुठल्या कुठल्या शहरांशी आमचं जुळं नातं आहे ते सांगणारी. त्यात शेवटी आफ्रिकेतल्या एका शहराचं नाव आहे. मोठ्या तळ्याकाठचं शहर. नाव मुद्दाम लिहीत नाही. मी कामाला लागले तेव्हा त्या नात्यातून दरवर्षी फक्त एक नाताळचं कार्ड जायचं आणि काहीच यायचं नाही. एके दिवशी रिसेप्शनवरून फोन आला, "त्या शहराचे मेयर आलेत." मी धावतपळत खाली. करड्या सुटातले एक उंच, ताठ गृहस्थ उभे होते. खुर्च्या रिकाम्या होत्या पण बसले नव्हते.

"आपण कधी आलात?" मी विचारलं.

"सतरा नंबरच्या बसने," ते म्हणाले.

गृहस्थ आमच्याच बरोत, कौन्सिलच्या फ्लॅटमध्ये राहत होते. जीव वाचवून इकडे आले, एका शाळेत केअरटेकर म्हणून गेट उघडायची-लावायची नोकरी केली आणि निवृत्त झाले. त्यांच्या शहरात ते मेयर होते, कौन्सिलने निवडून दिलेले. मग लष्करी सरकारने रेडिओवरून जाहीर केलं की कौन्सिल बरखास्त. मी सहानुभूतीने म्हटलं, "म्हणजे आपण फॉर्मर मेयर."

"नाही," ते म्हणाले. "मी फॉर्मर नाही. फॉर्मर कसा होतो, मिसेस पाटणकर? पुढच्याने पद स्वीकारलं की. माझ्यानंतर कुणी स्वीकारलंच नाही. कमिशनर आले, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आले. मेयर कुणी आला नाही."

टाउन हॉलमधली यच्चयावत माणसं मला 'मिसेस पी' म्हणत. पाटणकर हा शब्द पहिल्या भेटीत, तोही ट आणि ण सकट नीट उच्चारणारा हा पहिला माणूस. त्यामुळेच मी त्यांना जरा जास्त वेळ दिला, आणि तिथेच फसले. ते बोलत इंग्रजीच, पण इतकं जुन्या वळणाचं की मला ते आपोआप 'आपण-आपण' लावून मराठीत ऐकू यायचं.

मी आमच्या लीगलच्या बाईंना विचारलं. वाटलं, त्या हसतील आणि प्रश्न मिटेल. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "वेल, टेक्निकली..." टेक्निकली आमच्या कायद्यातही तेच आहे. उत्तराधिकारी पद स्वीकारेपर्यंत जुना मेयर मेयरच राहतो. त्यांच्या शहराचा कायदा आमच्यावरूनच बेतलेला. झालं! दर मे महिन्याच्या समारंभात माजी मेयर मागच्या रांगेत बसतात आणि पदावर असलेले पाहुणे मेयर पुढच्या. यांना बसवायचं कुठे? पुढे बसवलं तर बाकीचे मेयर विचारणार हे कोण, मागे बसवलं तर हे उभेच राहणार. शेवटी मी त्यांना पुढच्या रांगेच्या अगदी टोकाची, खांबाआडची खुर्ची दिली आणि कार्डावर फक्त 'मिस्टर म्वाले' आणि शहराचं नाव लिहिलं. त्यांनी कार्ड उचललं, वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बसले. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, त्यांच्या कोटाच्या खांद्यांवर टेपची दोन लूप होती. जुनी, पिवळी पडलेली, पण टाके शाबूत.

"साखळी कुठे आहे?" मी नंतर विचारलं.

"कौन्सिलच्या तिजोरीत. मी निघालो तेव्हा कुलूप लावून किल्ली खजिनदाराला दिली. ती शहराची वस्तू आहे, माझी नाही."

त्यांच्या शहराच्या मेयरपदाचा इतिहास मला इतका पाठ झाला आहे की आमच्या बरोचाही नसेल. कारण ते काहीही सांगायचं तर सुरुवातीपासून सांगत. सुरुवात म्हणजे सॅनिटरी बोर्ड. रेल्वे तळ्यापर्यंत आली, वस्ती वाढली, उंदीर वाढले, तेव्हा चार गोऱ्या व्यापाऱ्यांचं बोर्ड झालं, गटारं बघायला. मग शहराला सनद मिळाली, मेयर आला, इंग्लंडहून बोटीने त्याचा लाल झगा आला. जाड लोकरीचा, कडेला फर लावलेला, आणि शहर कुठलं, तर दुपारी कुत्रीसुद्धा गटारात बसतात असं. एक खाटीक मेयर झाला, एक हॉटेलवाला, एक वकील, सगळे गोरे. आपले गुजराती दुकानदार बोर्डावर बसत, पण मेयर व्हायची त्यांना मनाई. स्वातंत्र्य दाराशी आलं तेव्हा एकाला घाईघाईने वर्षभरासाठी केलं. मग पहिला आफ्रिकन मेयर, शाळामास्तर. त्याने पहिलं काम कुठलं केलं, तर झग्याचं अस्तर आणि फर काढून टाकली. पुढे एकच पक्ष राहिला आणि मेयर पक्षाच्या कचेरीतून ठरायला लागला. सभा लहान होत गेल्या. सगळे ठराव एकमताने.

"आणि मग मी," ते म्हणत आणि तिथे थांबत. मी घड्याळाकडे बघत असे.

त्यांचा खरा छळवाद वेगळाच होता. आमच्या कौन्सिलच्या प्रत्येक सभेला ते प्रेक्षकांच्या गॅलरीत येऊन बसत. कंबर दुखायची, तरी लिफ्ट घेत नसत आणि जिन्यावर कुणाचा हात धरत नसत. मेयर आधार घेऊन चालत नाही म्हणे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलाशी हजर.

"मिसेस पाटणकर, काल मेयरनी विरोधात कोण हे विचारलंच नाही."

आमच्याकडे ठराव मांडला की मेयर म्हणतो "अ‍ॅग्रीड?", सगळे म्हणतात "अ‍ॅग्रीड", की झालं. लोकांना शेवटची बस पकडायची असते.

"विरोधात कुणी नव्हतंच," मी म्हणायची.

"विचारल्याशिवाय कसं कळलं?"

हा संवाद आमचा किती वेळा झाला असेल, देव जाणे. घरी गेले की आमचे हे विचारायचे, "काय, तुझे महापौर आले होते का आज?"

"अहो, आले होते. परत तेच. विरोधात कोण, विरोधात कोण."

"सुंभ जळाला तरी पीळ जात नाही," हे म्हणायचे आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे.

एकदा मात्र मी चिडून विचारलं, "तुमच्या शहरात काय मोठं विचारत होते?" तेव्हा त्यांनी थांबलेल्या जागेपासून पुढचं सांगितलं. सरकारला तळ्याकाठचा जुना बाजार पाडायचा होता. वरून हुकूम आला, कौन्सिलने फक्त मान डोलवायची. यांनी सभेत बाजूने हात मोजले. मग विचारलं, विरोधात? कित्येक वर्षांत तो प्रश्न त्या सभागृहात कुणी विचारला नव्हता. आधी कुणी हललं नाही. मग एक हात वर गेला, मग आणखी, आणि मतं समसमान झाली. मेयरचं निर्णायक मत यांनी विरोधात टाकलं. आठवड्याभरात रेडिओवर बरखास्तीची बातमी. हात वर केलेल्यांपैकी काही जण पुन्हा दिसले नाहीत.

त्यानंतर मी ते वाद घालणं सोडून दिलं. वैताग सोडला असं नाही.

काही वर्षांनी त्यांच्या देशात नवा कायदा आला आणि मेयरपद परत आलं. नुसतं मानाचं, आमच्यासारखं. एक शाळेच्या माजी हेडमिस्ट्रेस, मिसेस टेंबो, मेयर झाल्या. म्हणजे मिस्टर म्वाले एका सकाळी आपोआप फॉर्मर झाले. मला वाटलं, सुटले! पण ते आले आणि टेबलापाशी नुसतेच उभे राहिले.

"मला आभाराचा ठराव मिळाला नाही," ते म्हणाले.

मावळत्या मेयरच्या आभाराचा ठराव म्हणजे आमच्याकडे दोन मिनिटांचं काम. कुणीतरी मांडतं, कुणीतरी अनुमोदन देतं, टाळ्या. पण त्या ठरावाने त्याची कारकीर्द संपते आणि त्यांच्या शहरात मग त्याचं नाव सभागृहातल्या भिंतीवर रंगवतात. त्यांचं नाव त्या भिंतीवर नव्हतं. त्यांच्या आधीचं शेवटचं नाव आणि नंतर पांढरा चुना. इतकी वर्षं हा माणूस स्वतःला मेयर म्हणवून घेत होता तो तोरा नव्हता. त्यांना नीट संपायचं होतं, आणि संपवणारं कुणी नव्हतं. मला त्यांची इतकी दया आली, की मी कधी नव्हे ते त्यांना चहा विचारला.

योगायोगाने मिसेस टेंबो लंडनला परिषदेला यायच्या होत्या. मी ईमेल केले, फोन केले. त्या म्हणाल्या, "कोण म्वाले? हे नाव आमच्या भिंतीवर नाही." मी म्हटलं, तीच तर अडचण आहे. त्यांनी आमच्या टाउन हॉलला धावती भेट द्यायचं कबूल केलं. आता त्यांना आमच्या हद्दीत त्यांची साखळी घालायची तर आमच्या मेयरची परवानगी हवी, आणि त्या वर्षी मेयर होते प्रिचर्ड. स्पेनवाले. त्यांनी मला ईमेल केला, "त्यांची साखळी चालते आणि माझी चालत नाही?" घोडं मेलं ओझ्याने आणि शिंगरू मेलं हेलपाट्याने, तसं माझं झालं. दोन शहरांच्या मधे मी नुसती पळत होते. शेवटी परवानगी दिली त्यांनी, पण सँडविचेस त्यांच्या आवडीची हवीत या अटीवर.

मिसेस टेंबो आल्या. ठेंगण्या, घाईतल्या, चेहऱ्यावर अख्ख्या शाळेला गप्प बसवल्याची सवय. गळ्यात ती साखळी. मिस्टर म्वालेंनी तिच्याकडे पाहिलं आणि हलकेच म्हणाले, "खजिनदाराने किल्ली जपली तर." मग त्यांनी रीतसर दोन वाक्यांत पद सोपवलं. मिसेस टेंबो म्हणाल्या, "शहराच्या वतीने मी आपले मनःपूर्वक आभार मानते." आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू? प्रिचर्डसाहेबांनी सँडविचकडे हात नेला.

"पॉइंट ऑफ ऑर्डर," मिस्टर म्वाले म्हणाले.

पॉइंट ऑफ ऑर्डर म्हणजे आपल्याकडचा हरकतीचा मुद्दा. प्रिचर्डांचा हात हवेत.

"मेयर एकटा शहराच्या वतीने आभार मानू शकत नाही. ठराव लागतो. सूचक लागतो, अनुमोदक लागतो, मतं लागतात."

"मी अनुमोदन देतो, चला," प्रिचर्ड म्हणाले.

"आपण त्या कौन्सिलचे सदस्य नाही, सर."

मला वाटलं, आता यांना धरून गदागदा हलवावं. उभा जन्म वाट पाहिली, मी महिनाभर दोन खंडांत फोन केले, ती बाई विमानतळाची वाट वाकडी करून आली, ताट वाढून समोर आलं, आणि हे म्हणतात मीठ डावीकडे नाही! मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "घ्या ना आभार. पुन्हा कोण देणार आहे?" ते म्हणाले, "अनियमित आभार घेतले, तर रेडिओवरची बरखास्तीही नियमितच होती म्हणावं लागेल."

मला वाटलं मिसेस टेंबो रागावतील. पण त्या म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. मी अजेंड्यावर घेते."

अजेंड्यावर घेणं म्हणजे काय, हे मी जन्मभर पाहिलं होतं. एका सभेत कोरम नाही, एकीत वीज नाही, एकीत विषय पुढे ढकलला. मिस्टर म्वाले दर आठवड्याला येऊन विचारत, "काही कळलं?" मग त्यांचं येणं कमी झालं. कंबरेचं ऑपरेशन झालं, वजन उतरलं, सूट अंगावर लोंबायला लागला. माझीही निवृत्ती जवळ आली होती. मी मिसेस टेंबोंना इतके ईमेल केले की प्रिचर्डांना त्याच्या निम्मेही केले नसतील. आता तो ठराव त्यांच्याइतकाच मलाही हवा होता, आणि ते नियमावर बोट ठेवून बसलेच नसते तर केव्हाच मिळाला असता, याचा संतापही तितकाच होता.

अखेर एप्रिलमध्ये निरोप आला, उद्या दुपारच्या सभेत घेत आहोत, लिंक पाठवते. मी ऑफिसचा टॅबलेट घेऊन त्यांच्या फ्लॅटवर गेले. ते सूट घालून, टाय बांधून टेबलाशी बसले होते. पडद्यावर सभागृह दिसलं. वर पंखे, मागे ती नावांची भिंत. आवाज येत होता, जात होता. एका तरुण सदस्याने ठराव मांडला, दुसऱ्याने अनुमोदन दिलं. मी म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक म्हातारी सदस्या उठली. डोक्याला फडकं, हातात काठी. म्हणाली, "मी आभार मानणार नाही. राष्ट्राध्यक्ष येणार म्हणून या मेयरच्या माणसांनी तळ्याकाठच्या मासे सुकवायच्या लाकडी माच्या मोडल्या. माझ्या आईची माची मोडली. ती त्यानंतर सावरली नाही. यांचं नाव भिंतीवर कशाला?"

मी टॅबलेट बंद करायला हात पुढे केला. मिस्टर म्वालेंनी माझं मनगट धरलं. "थांबा. त्या बोलतात ते खरं आहे. पहिल्याच वर्षी. मी सही केली होती." आणि खुर्चीत आणखी ताठ बसले.

मिसेस टेंबोंनी त्या बाईंना पुरतं बोलू दिलं. मग विचारलं, "बाजूने?" हात वर झाले. मग त्या थांबल्या, सरळ कॅमेऱ्यात पाहिलं आणि विचारलं, "विरोधात?"

म्हातारीचा हात वर गेला. तिच्या आजूबाजूचे आणखी काही गेले. तटस्थही निघाले. ठराव बहुमताने मंजूर. आणि मग वीज गेली.

मी त्यांच्याकडे बघायला धजत नव्हते. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली त्यात असा खडा! मी म्हटलं, "वाईट वाटून घेऊ नका. एक-दोन माणसं असतातच अशी."

"वाईट?" ते म्हणाले. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते चक्क हसत होते. "मिसेस पाटणकर, त्यांनी विचारलं. आणि हात वर गेले. भर सभेत, मेयरकडे बघत. ती बाई आता घरी जाईल, स्वयंपाक करेल, झोपेल. तिला न्यायला कुणी येणार नाही." नंतर उठले, कोट काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "तुमच्याकडे कात्री असते."

असते. माझ्या पर्समध्ये कात्री आणि सुईदोरा कायम असतो. मी खांद्यावरची दोन्ही लूप उसवली. ज्याने कुणी शिवली होती त्याने जन्माची शिवली होती, टाका निघता निघेना. मी टेपचे ते दोन तुकडे त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी कोट पुन्हा चढवला आणि खांदे एकदा हलवून बघितले.

जुलैमध्ये माझी शेवटची कौन्सिल सभा. मला सभागृहात बोलावून उभं केलं. नवा मेयर उत्साही, माझ्याबद्दल चार शब्द बोलला, त्यातले दोन तरी दुसऱ्या कुणाबद्दल असावेत. "अ‍ॅग्रीड?" "अ‍ॅग्रीड!" त्याने हातोडा उचलला.

"पॉइंट ऑफ ऑर्डर, मिस्टर मेयर," वरून आवाज आला. "विरोधात कोण, हे आपण विचारलं नाहीत."

गॅलरीतल्या माणसाला सभेत तोंड उघडायची परवानगी नसते. उघडलं तर बाहेर काढतात. हे त्या इमारतीत त्यांच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक नव्हतं. मी कपाळाला हात लावला. मेयर गडबडला, लीगलच्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. "बरं, विरोधात कोणी?"

आणि मग डावीकडच्या बाकावर एक हात वर झाला. सावकाश, पूर्ण वर. प्रिचर्ड. चेहरा गंभीर, नजर माझ्यावर. स्पेन ते विसरले नव्हते. हशा पिकला, हातोडा आपटला, बहुमताने मंजूर. थट्टा होती की खरंच, ते मी त्यांना विचारलं नाही. पण मला इतका आनंद झाला, की काय सांगू. कुणीतरी माझं काम नीट पाहिलं होतं.

मिस्टर म्वालेंना दारवानाने बाहेर काढलंच. जिन्याच्या वरच्या पायरीवर ते मला भेटले आणि मी त्यांच्यावर तुटून पडले. "इतकी वर्षं मला नियम शिकवलेत! आणि गॅलरीतून ओरडता? शोभतं हे?"

"मेयरला शोभलं नसतं," ते म्हणाले. "पण मी आता फॉर्मर आहे." आणि जिना उतरायला त्यांनी माझा हात धरला.